आधी इंजिनाला हात लावून बघावा

जुनं मशीन बघायला गेलं की आधी रंग बघू नये, बकेट बघू नये, आणि मालकाचं तोंड तर मुळीच बघू नये. सरळ जावं आणि इंजिनावर तळहात ठेवावा. इंजिन गार असेल तर पुढचं बोलणं. कोमट असेल तर समजावं की आपण यायच्या आधी मालकाने ते तासभर चालवून ठेवलंय, कारण गार असताना ते उठत नाही, आणि उठलंच तर सगळा परिसर धुरात घालतं. अशा वेळी काही न बोलता घरचा रस्ता धरावा. हे मी लोकांना वर्षानुवर्षं सांगत होतो. एकाच्या जरी डोक्यात शिरलं असेल तर शपथ.

मी सांगतोय ते माती-दगड खोदणाऱ्या मशीनबद्दल. आमच्याकडे तेव्हा त्याला शोव्हेल म्हणत. खाली साखळीचे पट्टे, त्यावर गोल फिरणारा चौथरा, चौथऱ्यावर इंजिन आणि चालवणाऱ्याची केबिन, पुढे लांब लोखंडी हात आणि त्याच्या टोकाला दातांची बकेट. सगळा कारभार पोलादी दोरांवर. साठ सालानंतर बंगळूरच्या आसपास ही मशीनं बरीच दिसू लागली. कुठल्यातरी धरणाचं काम संपायचं, तिथली दमलेली मशीनं विकायला निघायची, आणि आमच्याकडचे खाणवाले आणि ठेकेदार ती घ्यायला धावायचे. नवीन मशीन परदेशातून यायचं, त्याला परवाना लागायचा, आणि परवान्याची वाट बघत बसायला कुणाला वेळ नव्हता.

मी असल्या मशीनच्या दुरुस्तीच्या एका वर्कशॉपमध्ये फिटर होतो. दिवसभर हात ग्रीसमध्ये आणि रविवारी लोक माझ्या खनपटीला. 'जरा येऊन बघा हो, घ्यावं की नको.' जरा म्हणजे उन्हात चार तास. बरं, सांगितलेलं ऐकावं, तर तेही नाही. माणसाला एकदा घ्यायचंच असलं की तो तज्ज्ञाला कशाला नेतो, हे मला आजवर कळलेलं नाही.

माझा एक नेम होता. मशीन पूर्ण बघून होईपर्यंत मालकाच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. आईने लहानपणापासून मुरवलेलं होतं की ज्याच्या घरी कॉफी प्यायलो त्याच्या वस्तूला नावं ठेवायची नाहीत, आणि आमच्या बंगळूरकडे तर दारात पाय ठेवायच्या आत कॉफीचा लोटा पुढे येतो. म्हणून मी आधीच हात जोडायचो. मशीन पसंत पडलं, तर मग तिथेच बसून मजेत कॉफी घ्यायचो. नसलं पसंत, तर 'आज नको' म्हणून निघायचो. मालकाशी वाद नाही, तोंडावर वाईट बोलणं नाही. हळूहळू हे सगळ्यांना माहीत झालं. खाणवाले, लॉरीवाले एकमेकांना विचारू लागले, 'त्यांनी कॉफी घेतली का?' घेतली म्हणजे मशीन चांगलं. माझ्या तोंडाने मी काही सांगायची गरजच उरली नाही, आणि खरं सांगतो, मला त्याचा थोडा माजही आला होता.

आता भावोजींकडे येतो. माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, दोन मुली. तिचे यजमान म्हणजे आमचे भावोजी एका मोठ्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये होते. कायमची नोकरी, राहायला कारखान्याचंच क्वार्टर, मुलींना कारखान्याचीच शाळा. सोळा वर्षं झाली होती. सोन्यासारखा माणूस, पण सोळा वर्षं भोंग्यावर उठून भोंग्यावर घरी येण्याचा त्यांना उबग आला होता. त्यांच्या ओळखीतल्या कुणीतरी एक शोव्हेल घेतलं, पाया खोदायची कामं धरली आणि स्वतःचा धनी झाला. झालं. भावोजींच्या डोक्यात शोव्हेल शिरलं ते काही केल्या निघेना. जेवताना तेच, देवळात तेच. अक्का म्हणे झोपेतही कुणालातरी 'डावीकडे फिरव' म्हणून सांगतात.

मशीन घ्यायचं तर नोकरी सोडावी लागणार होती, आणि नोकरीबरोबर क्वार्टरही जाणार होतं. गावातलं घर त्यांच्या भावांनी केव्हाच वाटून घेतलेलं. म्हणजे मशीन बिघडलं तर चौघं रस्त्यावर. हे मी त्यांना सांगितलं, तर त्यांनी शर्टाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. राजीनामा. टाइप करून आणलेला, फक्त सही आणि तारीख बाकी.

"तू ज्या दिवशी एखाद्या मशीनला हो म्हणशील," ते म्हणाले, "त्याच्या दुसऱ्या दिवशी हा देणार. तुझ्या शब्दावर सोडलंय सगळं."

माझ्या शब्दावर कशाला सोडता, बाबा? मी फिटर आहे, ज्योतिषी नाही. पण ते ऐकतात थोडेच.

पहिलं मशीन के. आर. पुरमच्या बाजूला होतं, रेल्वेलाईनच्या पलीकडे एका मोकळ्या जागेत. लांबूनच पिवळंधमक दिसलं. नवा रंग. रंगाचा वाससुद्धा गेला नव्हता. मी जवळ जाऊन इंजिनावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला, इतकं तापलेलं.

"चला," मी म्हणालो.

"अरे, चला काय? किती छान दिसतंय बघ तरी," भावोजी म्हणाले.

मालक हसत हसत म्हणाला की सकाळी सहज थोडं चालवलं होतं. सहज. रविवारी सकाळी, मोकळ्या मैदानात, खोदायला काही नसताना. भावोजींच्या आग्रहाखातर मी गिअरपेटीचं झाकण उघडलं. आत तेलात लाकडाचा भुसा कालवलेला. झिजलेले गिअर खडखडू नयेत म्हणून ही युक्ती करतात, भुसा आवाज खाऊन टाकतो. मी मूठभर भुसा काढून भावोजींच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो नीट निरखला आणि मला विचारलं, "हा चांगल्या लाकडाचा असतो का?"

परतीच्या बसमध्येही ते रंगाबद्दलच बोलत होते.

दुसरं मशीन हेब्बाळच्या तळ्याकडे. तिथला मालक पहिल्यापेक्षा दहापट हुशार. इंजिन गार ठेवलेलं होतं, गिअरपेटी स्वच्छ होती, आणि मशीनची साग्रसंगीत पूजा केलेली. बकेटला झेंडूचा हार, पट्ट्यांखाली लिंबं, आणि त्या लांब लोखंडी हातावर मधोमध हळदीचा जाड लेप आणि त्यावर कुंकवाचा पट्टा. आमच्याकडे आयुधपूजेला सगळेच मशीनला हळद-कुंकू लावतात, मी स्वतः माझ्या पान्यांना लावतो. पण दसरा होऊन तीन महिने झाले होते, आणि हळद ओली होती.

हात नेमका तिथेच तुटतो, मध्यभागी, जिथे जोड असतो. मी खिशातलं फडकं काढलं आणि भावोजींनी माझं मनगट धरलं.

"देवाचं कुंकू आहे. पुसायचं नाही."

"त्याच्याखाली तडा असेल."

"असू दे. पुसायचं नाही. घरात दोन मुली आहेत माझ्या."

मुलींचा काय संबंध? मी विचारलं, तर म्हणाले, तुला नाही कळणार. मालक बाजूला हात जोडून उभा, चेहऱ्यावर इतकी भक्ती की मलाच पापी असल्यासारखं वाटलं. मी मनगट सोडवून घेतलं आणि पुसलं. हळदीखाली बोटभर लांब तडा होता, त्यावर घाईघाईने मारलेलं वेल्डिंग, तेही सुटत आलेलं. भरलेली बकेट उचलली असती तर हात मोडून केबिनवर आला असता. ज्याने चालवलं असतं तो मेला असता. हे सगळं मी भावोजींना दाखवलं, बोटाने चाचपायला लावलं. त्यांनी चाचपलं. मग देवळात जाऊन प्रायश्चित्त म्हणून नारळ फोडला, माझ्या वाटचाही. आणि तरीसुद्धा राजीनामा खिशातच.

त्याच आठवड्यात अक्काने मला स्वयंपाकघरात बोलावलं. भावोजी कामावर, मुली शाळेत. ती चुलीसमोर बसून होती, पण चूल पेटलेली नव्हती.

"पुढचं मशीन आनेकलला आहे म्हणतात," ती म्हणाली. "तू त्याला नको म्हण."

"बघू तरी दे आधी."

"बघ. पण नको म्हण. कसंही असलं तरी."

मी चिडलो. म्हणालो, चांगलं मशीन असलं तर वाईट म्हणू? माझ्या नावाचं काय? तिने मला नावाबिवाचं काही बोलू दिलं नाही. ती म्हणाली, "त्यांना बाजारात वांगी घेता येत नाहीत, किडकी घेऊन येतात आणि म्हणतात बिचारी म्हातारी विकत होती. ह्या माणसाला मजूर राबवता येतील? ठेकेदारांशी भांडता येईल? मशीन चांगलं असलं म्हणून काय झालं, चालवणारा कोण आहे ते बघ ना." आणि मग ती रडली नाही, ओरडली नाही, फक्त म्हणाली, "मी त्यांना नको म्हटलं तर जन्मभर मला बोलतील. तुला नाही बोलणार."

तिचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं, आणि तेच तर चीड आणणारं होतं. मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. मनात म्हटलं, आनेकलचंही मशीन भंगारच असणार, सगळी असतात तशी. मग मला खोटं बोलायचा प्रश्नच नाही.

आनेकलला आम्ही सकाळच्या बसने गेलो. गावापासून थोडं पुढे, दगडाच्या खाणीशेजारी एक बैठं घर, अंगणात मशीन. रंग उडालेला, ठिकठिकाणी गंज. मालक सत्तरीचे, कानडी, गुडघे वाकलेले. काठी टेकत पुढे आले. मी इंजिनावर हात ठेवला. बर्फासारखं गार.

"काल संध्याकाळपासून हात लावला नाही, स्वामी," ते म्हणाले. "तुम्ही आधी हात लावून बघता असं ऐकलं होतं."

मी त्यांच्याकडे बघितलं. टोमणा नव्हता. साधं सांगत होते.

त्यांनी मला विचारू न देता दोष सांगायला सुरुवात केली. डाव्या पट्ट्याच्या तीन पिना झिजल्यात, दोन बदलल्या, एक बदलायची आहे. बकेटचा एक दात गेलाय. गार असताना तिसऱ्या हँडलला उठतं, पहिल्या दोनला नाही. दोर गेल्या वर्षी बदललाय, पण टोकाला स्वल्प उसवलाय, तो कापावा लागेल. इतकी वर्षं मी जुनी मशीनं बघत होतो, आणि स्वतःच्या मशीनचे दोष तोंडाने सांगणारा मालक पहिल्यांदाच बघत होतो. माझा विश्वासच बसेना. म्हटलं, म्हातारा भलताच पोचलेला आहे, लहान दोष सांगून मोठा लपवतोय.

म्हणून मी ते मशीन जसं बघितलं तसं जन्मात दुसरं बघितलं नाही. हँडल मारायला लावलं, तिसऱ्यालाच उठलं. धूर आला आणि मिनिटभरात साफ झाला. तेल काढून बोटांवर चोळलं, पाण्याचा अंश नाही. दोरावरून सुती फडकं ओढत नेलं, तुटलेली तार असली तर फडकं अडकतं. ते फक्त टोकाला अडकलं, त्यांनी सांगितलेल्याच जागी. बकेट दगडांनी भरून वर उचलायला लावली आणि ब्रेक मारून तशीच धरायला सांगितली. मी एक आख्खी बिडी ओढली, बकेट बोटभरही खाली आली नाही. शेवटी बकेटला खांदा लावून आडवं ढकललं. चौथरा आतून ज्या दातेरी चाकावर फिरतो ते झिजलेलं असलं की बकेट अशी ढकलल्यावर डुलते. ही हललीच नाही म्हटलं तरी चालेल. ते सगळं चालवत होते म्हातारे स्वतः. केबिनमध्ये चढताना दोनदा थांबले, पण एकदा बसल्यावर हात असे चालत होते की बघत राहावं.

"मग विकता कशाला?" मी विचारलं.

"आता चढवत नाही," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाच्या हातात दिलं तर मोडतील. तुम्ही बघून दिलेल्या माणसाला दिलं म्हणजे सरी, ठीक झालं, मला काळजी नाही."

तिकडे भावोजी बकेटपाशी उभे होते. बकेटच्या दातांवरून हात फिरवत होते, अगदी सावकाश. ते काही बोलत नव्हते, आणि ही गोष्ट वाईट होती, कारण भावोजी गप्प बसले म्हणजे त्यांचं ठरलेलं असतं. त्यांचा दुसरा हात शर्टाच्या खिशावर होता.

म्हाताऱ्यांच्या बायकोने कॉफी आणली. पितळी लोट्यांत, वाफाळलेली. माझं पूर्ण बघून झालंय हे पाहूनच आणली होती. त्यांनाही माझा नेम ठाऊक होता. तिघं माझ्याकडे बघत उभी.

मला त्या क्षणी अक्काचा भयंकर राग आला. भावोजींचा आला. त्या म्हाताऱ्यांचाही आला, की बाबा रे, तुला सगळ्या जगात आजच खरं बोलायचं होतं का? थोडा भुसा टाकला असतास गिअरपेटीत, तर काय बिघडलं असतं? मी तुझ्या अंगणातून ताठ मानेने निघून गेलो असतो.

"आज नको," मी म्हणालो. "पित्त झालंय."

म्हातारीच्या हातातला लोटा तसाच राहिला. म्हाताऱ्यांनी एकदा मशीनकडे पाहिलं.

बसच्या थांब्यावर भावोजींनी विचारलं. काहीतरी सांगणं भागच होतं, आणि असं की जे त्यांना बघता येणार नाही. "चौथरा फिरवणारं लहान दातेरी चाक तडकलंय," मी म्हणालो. "आत असतं. उघडल्याशिवाय दिसत नाही. मला आवाजावरून कळलं." भावोजी माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "वाचवलंस रे बाबा." त्यानंतर त्यांनी मशीनचा विषय काढलाच नाही. राजीनाम्याचा कागद कुठे गेला मला माहीत नाही. अक्काने मला काही विचारलं नाही, पण पुढच्या रविवारी मला आवडतात म्हणून ओबट्टू केले, आमच्याकडच्या पुरणपोळ्या. मी दोनच खाल्ले.

इथवर झालं असतं तर मी कदाचित विसरलो असतो. पण भावोजींना एवढा अभिमान की भेटेल त्याला सांगायचे. कारखान्यात, देवळात, लॉरीवाल्यांना, कुणालाही. 'आमच्या मेहुण्यांनी नुसत्या आवाजावरून ओळखलं. आतलं चाक.' मी त्यांना गप्प राहायला सांगितलं तर त्यांना वाटायचं मी विनय करतोय. आणि आनेकलला मी कॉफी घेतली नाही ही बातमी तर आमच्याआधीच बंगळुरात पोचली होती. दोन-तीन खाणवाल्यांनी मला येऊन सांगितलं, आम्ही ते मशीन बघायला निघालोच होतो, बरं झालं कळलं. मी 'तसं काही फार नाही, घ्यायला हरकत नाही' असं पुटपुटलो, तर ते हसले. म्हणाले, तुम्ही भिडस्त आहात.

भिडस्त! माझ्यासारख्या तिरसट माणसाला जन्मात कुणी हे विशेषण लावलं नव्हतं. हवं तेव्हा माझं खरं कुणी ऐकलं नाही, आणि एकदा खोटं बोललो तर दगडावरची रेघ झाली.

पाच-सहा महिने गेले असतील. रविवारी सकाळी मी अक्काकडे गेलो होतो. भावोजी बाहेर पेपर वाचत बसले होते. फाटकाशी कुणी काठी टेकवल्याचा आवाज आला, आणि बघतो तर आनेकलचे म्हातारे. खांद्यावर गोणपाटाची पिशवी, तिच्या ओझ्याने एका बाजूला वाकलेले. बसमधून उतरून क्वार्टर शोधत आले होते. मला बघून त्यांना हायसं वाटलं.

"वर्कशॉपमध्ये गेलो होतो," ते म्हणाले. "आज सुट्टी, इथे असाल असं वॉचमनने सांगितलं."

भावोजींनी उठून त्यांना खुर्ची दिली. ते बसले नाहीत. ओट्यावर पिशवी ठेवून आतून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. लहान दातेरी चाक. घासलेटने धुऊन लखलखीत केलेलं.

"लोकांनी सांगितलं हे तडकलंय," ते म्हणाले. "मला ठाऊक नव्हतं, स्वामी. देवाशपथ ठाऊक नव्हतं. मग मी मशीन उघडलं. एका फिटरला घेऊन दोन महिने लागले. हे काढून धुतलं. फिटर म्हणतो काही नाही झालेलं. पण तो कालचा पोर, त्याला काय कळतं. उन्हात धरून बघितलं, माझ्या डोळ्यांना दिसत नाही. कुठला दात, तेवढं दाखवा."

मी ते चाक हातात घेतलं. जड होतं. हे घेऊन ते दोन बस बदलून आले होते. दात सगळे सारखे झिजलेले, एकाही कडेला बारीकसुद्धा चीर नव्हती. इतकं चांगलं राखलेलं चाक मी वर्कशॉपमध्येही पाहिलं नव्हतं. आणि माझ्या उजव्या खांद्याशी भावोजी येऊन उभे राहिले होते, चष्मा लावून, उत्सुकतेने. आतून अक्काच्या भांड्यांचा आवाज थांबला होता.

त्या वेळी खरं बोलायला एक वाक्य पुरलं असतं. मी ते मनात जुळवलंसुद्धा. मग भावोजींच्या श्वासाचा आवाज ऐकला, आणि माझ्या अंगठ्याचं नख एका दाताच्या बुडाशी गेलं. तिथे कारखान्यातच कातताना पडलेली एक रेघ होती, प्रत्येक चाकावर असते तशी.

"ही," मी म्हणालो. "ही बघा."

भावोजींनी वाकून बघितलं. "हो हो," ते म्हणाले, "अगदी स्पष्ट आहे."

म्हाताऱ्यांनी चाक माझ्या हातातून घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, उजेडाकडे फिरवलं. मला वाटलं आता म्हणतील, कुठे आहे? म्हणावं असं वाटत होतं. त्यांनी मान हलवली.

"दिसली," ते म्हणाले. "आता दिसली."

हे चाक इकडे कुणी बनवत नाही, बाहेरून मागवायचं तर परवाना, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. म्हणजे उघडलेलं मशीन आता तसंच पडणार होतं. त्यांनी चाक पुन्हा फडक्यात गुंडाळलं, नीट, कोपरे आत घालून. पिशवी खांद्याला लावली आणि जाताना माझ्यापुढे हात जोडले.

"माफ करा," ते म्हणाले. "तुम्ही एवढ्या लांब आलात, आणि मी तुम्हाला असलं मशीन चांगलं म्हणून दाखवलं."

अक्का दारात आली होती. तिने त्यांना बसा म्हटलं, पण ते थांबले नाहीत. आनेकलची बस चुकली असती.